भागाकाराने खाली गेलेला क्लब : एका ध्वनिमालिकेच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

विषय पक्का झाला. मराठीत तीन भागांची ध्वनिमालिका, प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा. महामारीच्या काळात स्कॉटलंडमधल्या एका फुटबॉल क्लबचं काय झालं, ते त्याच्या एका चाहत्याच्या तोंडून. क्लब : पार्टिक थिसल.

पुण्याच्या संपादकाने लगेच विचारलं, "सेल्टिक किंवा रेंजर्स का नाही? ती नावं तरी लोकांच्या कानावरून गेलेली आहेत." म्हणूनच नाही, म्हटलं. त्या दोघांवर बोलायला अख्खं जग बसलंय. ग्लासगोत जन्मून, हे दोन डोंगर समोर असताना, तिसऱ्याच क्लबच्या मागे आयुष्यभर जाणारी माणसं कशी असतात, याचं मला इथे राहायला आल्यापासून कुतूहल आहे. थिसलचं मैदान, फरहिल, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शेजारून फोर्थ अँड क्लाइड कालवा जातो. क्लबच्या नावात पार्टिक असलं तरी १९०९ पासून मैदान मेरीहिलमध्येच आहे. नाव कोणी बदललं नाही आणि बदलावं असं कोणाला वाटल्याचंही दिसत नाही.

बोलणारा माणूस मिळालाय. सिटी बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ, लहानपणापासून फरहिलला जाणारे. अट एकच : नाव कुठेही नको. नोंदींत मी त्यांना काका म्हणणार आहे. समोर मात्र पहिल्या नावानेच हाक मारावी लागते. "मिस्टर" म्हटलं की ते मागे वळून कोण आलंय ते बघतात.

१९ जानेवारी

पहिलं ध्वनिमुद्रण, काकांच्या स्वयंपाकघरात. फ्रिज बंद करायला लावला, त्यावरून काकूंशी थोडी बोलाचाली. मी २०२० विचारलं, काकांनी १९७१ सुरू केलं. २३ ऑक्टोबर १९७१, हॅम्पडेन पार्क, लीग कपचा अंतिम सामना, समोर सेल्टिक. मध्यंतराला थिसल ४–० ने पुढे, शेवट ४–१. काका तेव्हा शाळकरी पोर, वडिलांबरोबर गेलेले.

थोडा वेळ ऐकून मी हळूच विषय वळवायला गेले तर म्हणाले, "हे नाही घेतलंस तर पुढचं काही कळणार नाही. त्या दिवशी आम्ही जिंकू असं कुठल्याच हिशेबात नव्हतं. मैदानात उतरल्यावर हिशेब बदलतो, एवढंच मला सांगायचंय." पहिल्या भागाची सुरुवात मी वेगळी लिहून ठेवली होती. ती काढली.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस आकड्यांत गेला. श्रोत्याला हे नीट समजलं नाही तर मालिका कोसळेल, म्हणून इथे सविस्तर.

स्कॉटलंडच्या व्यावसायिक लीगमध्ये ४२ क्लब. सर्वात वरच्या प्रीमियरशिपमध्ये १२, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू असे तीन विभाग, प्रत्येकी १० क्लबांचे. हंगाम संपला की तळाचा खाली जातो, वरचा वर येतो. १३ मार्च २०२० ला सगळं थांबलं तेव्हा थिसल चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या जागी होता : २७ सामने, २६ गुण. त्याच्या वर क्वीन ऑफ द साऊथ : २८ सामने, २८ गुण. अंतर दोन गुणांचं, आणि थिसलचा एक सामना हातात. एका विजयाचे गुण तीन. तेवढा एक सामना जिंकला असता तर सामने सारखे झाले असते आणि थिसल एका गुणाने वर गेला असता. एकूण हंगाम ३६ सामन्यांचा, म्हणजे नऊ सामने बाकी होते.

खेळता येणार नाही म्हटल्यावर क्रमवारी ठरवायची कशी? मिळालेले गुण भागिले खेळलेले सामने. क्वीन ऑफ द साऊथ : २८ ला २८ ने भागून १. थिसल : २६ ला २७ ने भागून ०.९६. चार शतांशांचा फरक. क्लब खाली.

काका : "आम्ही कोणाकडून हरलो नाही. आम्हाला भागाकाराने खाली पाठवलं."

संपादकाला हे वाक्य ऐकवलं. त्याने तिथल्या तिथे मालिकेचं नाव ठरवून टाकलं.

माझं स्वतःचं मत इतकं सरळ नाही. मार्च येईपर्यंत तळाशी पोचले ते स्वतःच्याच खेळामुळे ना? हे काकांना विचारलं. चिडतील असं वाटलं होतं, पण शांतपणे म्हणाले, "वाईट खेळत होतो, मान्य. पण वाईट खेळणाऱ्यालाही शिट्टी वाजेपर्यंत वेळ मिळतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुद्रणात माझी शांतता तशीच आहे, ती काढणार नाही.

एक दुरुस्ती : बोलताना काकांनी अंतर तीन गुणांचं सांगितलंय. गुणतक्त्यात दोन आहे. आवाज त्यांचाच ठेवायचा, खरा आकडा निवेदनात द्यायचा.

९ फेब्रुवारी

मतदानाचा भाग. हा प्रसंग इतका विचित्र आहे की कल्पित वाटेल, म्हणून प्रत्येक तारीख पुन्हा तपासली.

८ एप्रिल २०२० ला स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीगने क्लबांपुढे ठराव ठेवला : खालचे तीन विभाग आहेत तिथेच संपवायचे, प्रीमियरशिपचं नंतर पाहू. घाई पैशाची होती. लीगकडचा वाटा क्लबांना अंतिम क्रमानुसार मिळतो, म्हणजे क्रम ठरल्याशिवाय वाटप नाही, आणि लहान क्लबांच्या तिजोरीत तर खडखडाट. मंजुरीला प्रीमियरशिपमध्ये १२ पैकी ९, चॅम्पियनशिपमध्ये १० पैकी ८ आणि शेवटच्या दोन विभागांत मिळून २० पैकी १५ मतं लागत होती. उत्तरासाठी कायद्याने २८ दिवस होते; लीगने शुक्रवार, १० एप्रिल, संध्याकाळी पाच म्हटलं. तो गुड फ्रायडे.

संध्याकाळ झाली, निकाल जाहीर झाला, आणि चॅम्पियनशिपमध्ये एक मत कमी. डंडी या क्लबचं. डंडीने "नाही" पाठवलं होतं; तो ईमेल लीगच्या यंत्रणेने संशयास्पद समजून क्वारंटाइनमध्ये टाकला. देश घरात कोंडलेला आणि मतही कोंडलेलं. मग डंडीनेच ते मत धरू नका असं कळवलं, आणि १५ एप्रिलला "हो" दिलं. ते आठवं मत. ठराव मंजूर, थिसल लीग वनमध्ये. पुढे लीगने डेलॉइट या लेखापरीक्षण कंपनीकडून या प्रकाराची तपासणी करून घेतली, गैर काही आढळलं नाही असा अहवाल आला. रेंजर्सने स्वतंत्र चौकशी मागितली, ती मागणी १२ मे च्या बैठकीत फेटाळली गेली.

१८ मे ला प्रीमियरशिपही मिटवली. सेल्टिक विजेते, एडिंबराचा हार्ट्स हा क्लब खाली. हार्ट्सचे ३० सामन्यांत २३ गुण, हॅमिल्टनच्या चार मागे, आठ सामने शिल्लक. हार्ट्स आणि थिसल मिळून एडिंबराच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयात गेले. ३ जुलैला न्यायाधीश लॉर्ड क्लार्कनी प्रकरण लवादाकडे धाडलं, २७ जुलैला लवादाने लीगच्या बाजूने निकाल दिला. हार्ट्सची पर्यायी मागणी ८० लाख पौंडांची होती, थिसलची २० लाखांची. हाती काही आलं नाही.

कोर्टावर काका बोलायलाच तयार नाहीत. "वकिलांचं काम वकिलांनी केलं." त्यांचा राग दुसरीकडे आहे. "४२ मतं होती. त्यातलं माझं कोणतं?" मी म्हटलं, थिसलचं. "थिसलचं नव्हे, थिसलच्या संचालकांचं. त्यांनी बरोबरच मत दिलं, ते सोड. पण मला विचारलं कुणी?"

मालिकेचा कणा हा प्रश्न आहे, हे आज कळलं. न्याय-अन्यायाचा वाद पहिल्या भागात आटपायचा.

२३ फेब्रुवारी

संपादकाचा फोन. "अगं, ऐकणारा विचारेल, सामनेच बंद, मग हा माणूस पैसे कशाचे भरत होता?" रास्त प्रश्न. दुसरा भाग यावरच बांधते आहे.

मुळात इथल्या क्लबांचं पोट दारावर चालतं. इंग्लंडसारखा टीव्हीचा पैसा नाही. लोकसंख्येच्या मानाने मैदानावर येणारी माणसं युरोपात सर्वात जास्त स्कॉटलंडमध्ये, आणि तिकीट, मांस भरलेले गरम पाय (इथली कचोरीच म्हणा), बोव्हरिल हे मांसाच्या अर्काचं गरम पेय, मध्यंतराची सोडत यांवर क्लब उभा. दार बंद म्हणजे उत्पन्न बंद. काम थांबलेल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सरकारच्या फर्लो योजनेतून पगाराच्या ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, मिळत होते. त्यावर बरेच क्लब तरले. जून २०२० मध्ये जेम्स अँडरसन या एडिंबराच्या गुंतवणूकदाराने ३० लाख पौंडांहून अधिक दिले, आणि प्रत्येक क्लबाला ५० हजार मिळायची सोय झाली. डिसेंबरात स्कॉटिश सरकारने फुटबॉलसाठी ३ कोटी काढले : वरच्यांना २ कोटींची कर्जं, बाकीच्यांना १ कोटीची अनुदानं.

पण या दोन मदतींच्या मधल्या उन्हाळ्यात क्लबांनी हंगामाची तिकिटं विकायला काढली, आणि दार उघडणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी घेतलं. काकूंनी विचारलं, "कशाचं तिकीट?" हे काकू स्वतः मायक्रोफोनसमोर सांगतात, आणि त्यांचा तो सूर मला कुठल्याही निवेदनापेक्षा जास्त आवडतो.

काकांना समजावून सांगायला मी गणपतीच्या वर्गणीचं उदाहरण दिलं. गल्लीतलं मंडळ, दारावर येणारी पोरं, पावती. वर्गणी देताना आरतीला पहिल्या रांगेत जागा मिळेल का असं आपण विचारत नाही, मंडळ आपलं म्हणून देतो. काकांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "आणि वर्गणी देणाऱ्याला मंडळाच्या बैठकीत उठून बोलता येतं?"

"येतं. बोलतातच. भांडतातही."

"मग वेगळं आहे."

थिसलच्या बाबतीत हे जास्तच बोचणारं आहे. कॉलिन वेअर, ज्यांना २०११ मध्ये युरोमिलियन्सची १६ कोटी १० लाख पौंडांची लॉटरी लागली, त्यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये क्लबचे बहुसंख्य शेअर विकत घेतले ते चाहत्यांच्या हाती देण्यासाठी. डिसेंबर संपायच्या आत ते वारले. मग महामारी. हस्तांतर लांबलं ते वर्षानुवर्षं. ज्या वसंतात क्लबच्या नशिबावर मतदान झालं, त्याच वसंतात तो क्लब कागदोपत्री चाहत्यांचा होण्याच्या उंबरठ्यावर होता, आणि उंबरठ्यावरच राहिला.

उलट हार्ट्सकडे बघा. तिथे हजारो लोक फाउंडेशन ऑफ हार्ट्स या चाहत्यांच्या संस्थेत महिन्याला ठरावीक रक्कम टाकत होते, मैदान बंद असतानाही. ३० ऑगस्ट २०२१ ला ७५.१ टक्के शेअर त्यांच्या फाउंडेशनकडे आले. काका हार्ट्सबद्दल चांगलं बोलताना घसा खाकरतात. पण बोलले.

१ मार्च

कर्कॉडीला, रेथ रोव्हर्स या क्लबच्या गावी जाऊन आले. एकाच चाहत्यावर मालिका उभी करायची हे ठरलं होतं, पण भागाकाराने ज्यांना वर नेलं त्यांचं काय, हे ऐकल्याशिवाय माझं समाधान होईना. गाडी फोर्थ खाडीवरच्या लाल पुलावरून जाते. खिडकीशी बसून पुलाचा आवाज मुद्रित केला, उपयोग होईलच असं नाही.

रेथ रोव्हर्सच्या चाहत्या, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात. लीग वन थांबली तेव्हा रेथचे ५३ गुण, फॉल्कर्कचे ५२, दोघांचे २८ सामने. रेथ विजेते जाहीर. बाईंना बातमी मोबाईलवर कळली, ओट्याशी उभ्या असताना. "आता गळ्यात पडायचं कोणाच्या? घरात मी आणि मांजर." शेजाऱ्याशी कुंपणावरून, दोन मीटरचं अंतर राखून आनंद साजरा झाला. बाहेर लोक जात होते, त्यांतले अर्धे आपल्या आजारी आईवडिलांच्या काळजीत, त्यामुळे फार ओरडायलाही संकोच वाटला, म्हणाल्या.

त्या थिसलवर रागावलेल्या आहेत. हार्ट्स-थिसलच्या दाव्यात ज्यांना बढती मिळाली ते डंडी युनायटेड, रेथ आणि कोव्ह रेंजर्स हे तिघेही ओढले गेले. वकिलांचा खर्च त्यांच्याही माथी आला. "आमचा काय गुन्हा? आम्ही मागितलं होतं का?" काकांना हे ऐकवायचं ठरवलंय. त्यांचा चेहरा बघण्यासारखा असेल.

परतीच्या गाडीत मनात आलं, दोघांची तक्रार एकच आहे. बाईंनाही उरलेले सामने हवे होते. जिंकलेलं जिंकल्यासारखं वाटायला.

९ मार्च

ध्वनीचं काम. रिकाम्या मैदानाचा आवाज कसा दाखवायचा? गर्दीचा आवाज नुसता काढून टाकला की यंत्र बिघडल्यासारखं वाटतं.

काका सांगतात ते असं. लीग वन ऑक्टोबर २०२० मध्ये प्रेक्षकांविना सुरू झाली. तिकीट असलेल्यांना घरी इंटरनेटवर सामना दिसायचा. त्यात पहिल्यांदाच त्यांना खेळाडू एकमेकांना काय म्हणतात ते ऐकू आलं, आणि काकूंनी टीव्हीचा आवाज बंद करायला सांगितला. मग काही शनिवारी काका फिरायच्या निमित्ताने कालव्याकाठी जाऊन उभे राहायचे, हातात मोबाईल, मोबाईलवर तोच सामना. प्रक्षेपण अर्धा-पाऊण मिनिट मागे. त्यामुळे गोल आधी भिंतीपलीकडून यायचा, दहा-पंधरा माणसांची पातळ आरोळी, आणि मग तोच गोल मोबाईलवर. "दोनदा आनंद होईल असं वाटायचं. अर्धा-अर्धाच व्हायचा. आणि आरोळी आपली की त्यांची, हे कळायला मोबाईलची वाट बघावी लागायची."

तिसऱ्या भागात हेच घ्यायचं : डाव्या कानात भिंतीपलीकडची आरोळी, मग पोकळी, मग उजव्या कानात मोबाईल. मी आज कालव्याकाठी उभी राहून चाचणी घेतली. बदकं फार बोलतात.

इन्व्हरनेसचा किस्सा ठेवावा का यावर संपादकाशी चर्चा. २४ ऑक्टोबर २०२०, इन्व्हरनेस कॅलेडोनियन थिसल विरुद्ध एअर युनायटेड. (हा थिसल वेगळा, तसं निवेदनात स्पष्ट सांगावं लागेल.) प्रक्षेपणाला कॅमेरामन नाही, चेंडूचा माग काढणारा स्वयंचलित कॅमेरा. त्याने लाइन्समनचं टक्कल चेंडू समजून वारंवार त्यालाच टिपलं. जगभर हसू झालं. किस्सा ठेवला. काकांची त्यावर टिप्पणी : "आमच्या काही खेळाडूंपेक्षा तो जागेवर तरी होता."

हसण्यामागे त्यांची एक जुनी खदखदही आहे. ऑगस्ट २०२० मध्ये प्रीमियरशिप सुरू होताच अबरडीनचे आठ खेळाडू बारमध्ये गेलेले निघाले, मग सेल्टिकचा एक खेळाडू गुपचूप स्पेनला जाऊन आला आणि विलगीकरण न पाळता सामन्यात उतरला. स्कॉटिश सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख, फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी जाहीर सांगितलं की हे पिवळं कार्ड समजा, पुढचं लाल असेल. "त्यांना पिवळं," काका म्हणाले, "आम्हाला मैदानाबाहेर."

१३ मार्च

सगळं थांबलं त्याला आज पाच वर्षं. फरहिलवर विशेष काही नव्हतं, आणि असायचं कारणही नाही.

संपादकाने एक चांगली आठवण करून दिली : इथे थांबलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मार्च २०२० ला, गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अंतिम सामना झाला, रिकाम्या स्टँडपुढे. एटीकेने चेन्नईयनला ३–१ ने हरवलं. पुढचा अख्खा हंगामही गोव्यातल्याच तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना. पण तिथे कोणी खाली गेलं नाही, कारण आयएसएलमधून तेव्हा कोणी खाली जातच नव्हतं. दुसऱ्या भागात दोन वाक्यं. त्याहून जास्त नको, मालिका भरकटेल.

२३ मार्च

आजचं मुद्रण सर्वात चांगलं, आणि त्यात फुटबॉल जवळजवळ नाही.

फरहिलच्या जॅकी हजबंड स्टँडमध्ये काकांची ठरलेली जागा. शेजारी अनेक वर्षं एकच माणूस. दर आठवड्या-पंधरवड्याने दोन तास खांद्याला खांदा. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीचा घटस्फोट, सगळं काकांना ठाऊक. आडनाव मात्र माहीत नाही. पत्ता नाही, फोन नंबर नाही. कधी लागलाच नाही, शनिवारी भेट व्हायचीच.

"टाळेबंदीत पहिल्यांदा लक्षात आलं की हा माणूस जिवंत आहे की नाही हे मला कुणाला विचारताच येणार नाही."

क्लबांनी त्या काळात वृद्ध चाहत्यांना फोन केले, औषधं पोचवली, जेवणं दिली. अनेक क्लबांच्या समाजकार्य विभागांनी हे मनापासून केलं. विस्मरणाच्या रुग्णांसाठी जुन्या सामन्यांच्या गप्पांचे गट चालवणारा फुटबॉल मेमरीज हा उपक्रम २००९ पासून स्कॉटलंडभर आहे. त्याच्या बैठकी पडद्यावर हलवाव्या लागल्या. पण शेजारच्या खुर्चीतल्या आडनाव नसलेल्या माणसाची चौकशी कोणत्या यादीत बसणार? क्लब म्हणजे नेमकं काय बंद झालं होतं, ते मला इथे समजलं. सामने तर पडद्यावर चालूच होते.

९ ऑगस्ट २०२१ ला बहुतेक निर्बंध उठले. त्यानंतर काका गेले तेव्हा शेजारचा आधीच येऊन बसला होता. बारीक झालेला. म्हणाला, "उशीर केलास." पुढचा अर्धा तास दोघांनी रेफरीला शिव्या दिल्या. मध्यंतरात काकांनी त्याचा फोन नंबर घेतला. आडनाव अजूनही विचारलेलं नाही.

याच मुद्रणात १२ नोव्हेंबर २०२० ची रात्र आली. बेलग्रेडमध्ये स्कॉटलंडने सर्बियाला पेनल्टीवर हरवलं, डेव्हिड मार्शलने मित्रोविचची पेनल्टी अडवली, आणि १९९८ नंतर पहिल्यांदा पुरुषांचा संघ मोठ्या स्पर्धेत पोचला. ग्लासगोतले पब ऑक्टोबरपासून बंद. काकांच्या गल्लीत लोक खिडक्या उघडून ओरडले, भांडी वाजवली. भांड्यांचं ऐकून माझे कान टवकारले, पण आपल्याकडच्या २२ मार्चच्या थाळ्यांकडे मी गेले नाही. तो सूर वेगळा होता.

ग्लासगोच्या मध्यवर्ती चौकाचा, जॉर्ज स्क्वेअरचा, तुकडा कापला. ७ मार्च २०२१ ला रेंजर्सचं विजेतेपद निश्चित झालं तेव्हा, आणि पुन्हा मे महिन्यात चषक मिळाला तेव्हा, हजारो लोक निर्बंध झुगारून रस्त्यावर आले. काका त्यावर जे बोलले ते ऐकायला मजेदार आहे, छापायला नाही. निवेदनात एक वाक्य : कालव्याकाठी एकटं उभं राहणाऱ्याला ते दृश्य टीव्हीवर बघावं लागलं.

६ एप्रिल

तिसऱ्या भागाचा उत्तरार्ध. ११ जानेवारी २०२१ ला चॅम्पियनशिपच्या खालच्या लीग पुन्हा थांबल्या. काकांना वाटलं, झालं, आता परत गणिताची वही निघणार. पण मार्चमध्ये सामने सुरू झाले, हंगाम २२ सामन्यांवर आणला : १८ साखळीतले, मग तक्ता मधोमध दोन भागांत विभागून आणखी चार. आठवड्यात दोन-तीन सामने, खेळाडूंचे हाल.

२९ एप्रिल २०२१. फरहिल, प्रेक्षक नाहीत. थिसल ५, फॉल्कर्क ०. लीग वनचं विजेतेपद, एका वर्षात परत वर. काका घरी, पडद्यासमोर. सामना संपला तसे उठून बाहेर पडले, फरहिल रोडवर गाड्यांचे भोंगे, लाल-पिवळे मफलर खिडक्यांतून बाहेर. ओळखीचे चेहरे दिसले, लांबूनच हात केले.

मी विचारलं, बदला पुरा झाला? ते बराच वेळ हसले. "कोणावर? समोर फॉल्कर्क होता. त्यांना आदल्या वर्षी एका गुणाने घरी बसवलं होतं. माझ्यासारखाच कोणीतरी तिकडे पडद्यासमोर बसून आमच्याकडून पाच खात होता." फॉल्कर्क त्या हंगामात पाचवा आला आणि आणखी तीन वर्षं त्याच विभागात राहिला, २०२४ मध्ये एकही सामना न हरता वर गेला. काकांना ही तारीख तोंडपाठ आहे. दुसऱ्याच्या क्लबची.

मग कर्कॉडीच्या बाईंचं मुद्रण ऐकवलं. चेहरा खरंच बघण्यासारखा झाला. "वकिलांचं मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले, आणि चहा टाकायला उठले. किटलीचा आवाज मुद्रणात आलाय. ठेवते.

२० एप्रिल

तिन्ही भागांचं मिश्रण झालं. संपादकाला शेवटी "महामारीने आपल्याला काय शिकवलं" असं मिनिटभर हवं होतं. नाही म्हटलं. त्याने फारसं ताणलं नाही, कारण त्यालाही लिहायचा कंटाळा.

काकांना तिन्ही भाग ऐकवले. मराठी एक अक्षर कळत नाही, तरी पूर्ण ऐकले. स्वतःचा आवाज, क्लबांची नावं आणि "भागाकार" एवढंच ओळखीचं. दोन तक्रारी आल्या. एक, रेथवाल्या बाईंना जरा जास्तच वेळ दिलाय. दुसरी गंभीर : माझ्या निवेदनात "दोन गुणांनी मागे" असं कुठेही आलं, की लगेच "आणि एक सामना शिल्लक" आलंच पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल आम्ही खरोखरच मागे होतो. पहिली फेटाळली. दुसरी मान्य करून तेवढी वाक्यं कपाटात तोंड खुपसून पुन्हा बोलले, कारण बाहेर पाऊस होता, आणि फाइल रात्री पुण्याला पाठवली.